हायस्कूलच्या ग्रंथालयाची किल्ली कुणाकडे आहे?



14 एप्रिलला आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर एक तरी पोस्ट येते. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक, मागे भरलेली कपाटं आणि खाली 'वाचाल तर वाचाल'. मीही ती पुढे पाठवते. पण गेल्या वर्षभरापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे आणि तो तुम्हालाही विचारायचा आहे. तुमच्या गावातल्या हायस्कूलला ग्रंथालय आहे का? असेल तर त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? आणि आपल्या वस्तीतल्या किती पोरांनी या वर्षी त्या कपाटातलं एक तरी पुस्तक घरी नेलं?

राजगृहाबद्दल आपण तासभर बोलू शकतो. पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस म्हणून बाबासाहेबांचा अभिमान सांगतो. पण गावच्या शाळेतल्या दोन लोखंडी कपाटांबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, खाजगी अनुदानित. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेची दारं असलेली दोन कपाटं होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. आठवीत असताना एकदा धीर करून ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार असलेल्या सरांना पुस्तक मागितलं. ते म्हणाले, "पन्नास रुपये अनामत भर, मग बघू." आईची खुरपणीची रोजची मजुरी तेव्हा त्याहून कमी होती. मी घरी विषयच काढला नाही. पुढच्याच आठवड्यात संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्याचा पुतण्या कपाटातलं पुस्तक दप्तरात घालून घरी नेताना दिसला. त्याला अनामत कुणी विचारली नव्हती. मी पुन्हा विचारायला गेले, तेव्हा सर माझ्याकडे न बघता शेजारच्या बाईंना म्हणाले, "ह्यांना दिलेली पुस्तकं परत येत नसतात."

त्या 'ह्यांना'मध्ये कोण कोण बसतं, हे कळायला जातीचं नाव घ्यावं लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीलाही ते कळतं.

मी वाचायला शिकले ती मामाच्या पिशवीतून. मामा दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जायचा आणि येताना दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका घेऊन यायचा. पुढे छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करताना बोर्दियूचं 'सांस्कृतिक भांडवल' अभ्यासाला आलं. घरात पुस्तक असणं, पुस्तकाशी सहज वागता येणं, हेही एक वारशानं मिळणारं भांडवलच असतं, असं तो मांडतो. परीक्षेत उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यासमोर ती काचेची दारं होती.

आता मी ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून काम करते. गेल्या वर्षी जूनपासून एका माध्यमिक शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाणं सुरू झालं. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून मला ग्रंथालयात एक खुर्ची दिली. त्यामुळे एका ग्रंथपालाचं काम मी जवळून, वर्षभर पाहिलं.

सर पन्नाशीचे, धनगर समाजातले. मी सुरुवातीला त्यांच्याकडे संशयानंच बघत होते. तो संशय माझ्या शाळेनं मला दिला होता, त्याची मला लाज वाटत नाही. कागदावर ते अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. म्हणजे पगार अर्धा. काम मात्र शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. शिपायाची जागा रिकामी, म्हणून खोली तेच झाडतात. मग वर्तमानपत्रावर तारखेचा शिक्का मारून ते टेबलावर लावतात, जुन्या अंकांतली कात्रणं कापून वहीत चिकटवतात.

नवीन पुस्तक आलं की त्यावर काय काय होतं, हे मला माहीत नव्हतं. आधी बिल तपासायचं. मग दाखल नोंदवहीत तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक असं सगळं लिहून पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा. शीर्षकाच्या पानावर शाळेचा शिक्का मारायचा आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. पाठीवर चिठ्ठी लावायची. फाटलेली पुस्तकं शिवायची, खळीनं चिकटवायची. खळीत थोडा मोरचूद टाकायचा, नाहीतर कसर लागते. पावसाळ्यात खालचा कप्पा रिकामा करायचा, कारण भिंतीला ओल येते आणि ओलीमागून वाळवी येते.

देवघेवीला प्रत्येक तुकडीचा वार ठरलेला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीपाशी रांग लागते. सर नाव लिहितात, पुस्तक देतात. परत आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, "कुठं कंटाळा आला?" 'काय बोध घेतला' असं त्यांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. पोरं खरं सांगतात. कुणी म्हणतं पहिल्याच पानाला, कुणी म्हणतं सगळ्यातच. मग सर त्याप्रमाणे पुढचं पुस्तक काढून देतात. कोणतं पोर काय वाचतं, याची त्यांची स्वतःची एक वही आहे. ती वही तपासणीत कुणी मागत नाही.

याशिवाय पुस्तक पेढी असते. आठवीपर्यंत सरकारी योजनेतून पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. नववीत गेलं की ती विकत घ्यावी लागतात आणि गळतीही नेमकी तिथंच वाढते. सर एप्रिलमध्ये पुढच्या वर्गात जाणाऱ्या मुलांकडून जुने संच गोळा करतात, दुरुस्त करतात आणि जूनमध्ये ज्यांना घेणं शक्य नाही त्यांना देतात. देताना बाकीच्यांसमोर नाव पुकारत नाहीत, कागदात गुंडाळून देतात.

आणि हे सगळं उरलेल्या वेळात. कारण एखादे शिक्षक रजेवर असले की तो तास ग्रंथपालाकडे. लिपिकाला मदत म्हणून यू-डायसची ऑनलाइन माहिती, आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणुकीच्या याद्या, हेही त्यांच्याकडे. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी सगळी कपाटं उघडतात, पोरांच्या हातात पुस्तकं देतात, फोटो निघतो, तो वर पाठवतात. दुसऱ्या दिवशी कपाटाची उघडझाप पुन्हा एकट्या सरांची.

आता मुद्द्याचं सांगते.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातून कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता आणि सोबत लेकरं. कारखान्याच्या भागात पाच-सहा महिने कोपीत राहायचं. आमच्या वस्तीतली नववीतली एक मुलगी अशीच निघाली. धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी टाकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती ग्रंथालयात आली. सरांनी तिला नववीचा संच दिलाच होता. वर तिनं 'फकिरा' मागितली. नियमाप्रमाणे पुस्तक सात दिवसांसाठी मिळतं. मुख्याध्यापक म्हणाले, "सहा महिने बाहेर? हरवलं तर?" सर म्हणाले, "माझ्या नावावर टाकतो." आणि टाकलं.

त्या वेळी मी तिथंच होते. ती दाराबाहेर पडताना मी तिला म्हणाले, "नीट सांभाळ बरं का, हरवलं तर सरांच्या अंगावर येईल." मला वाटलं मी चांगलंच सांगितलं.

मार्चअखेर कोयते परत आले. बाकीची पोरं हळूहळू वर्गात दिसू लागली, ही दिसली नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मी घरी गेले. ती मला बघून आत गेली, बाहेरच येईना. तिची आई म्हणाली, "पुस्तक भिजलं ताई. अवकाळी आला अन् कोपी गळली. वाळंना. मंग म्या चुलीत घातलं. पोरगी म्हणती दोनशे रुपये भरावं लागतील, सरांची नोकरी जाईल. उचलच फिटली नाई अजून, दोनशे कुठून आणू? त्यापरिस जाऊच नको म्हणलं साळंला." बोलता बोलता हेही कळलं की एक स्थळ बघून गेलंय.

मी काय समजायचं ते समजले. एका भिजलेल्या पुस्तकापायी एका मुलीची शाळा बंद होत होती, आणि ती भीती तिच्या मनात मी घातली होती. ज्या वाक्यानं आठवीतली मी कपाटापासून मागं फिरले होते, तेच वाक्य मी, बाबासाहेबांचं नाव घेणारी, समाजशास्त्र शिकलेली, त्याच वस्तीतली बाई, जरा गोड करून तिला ऐकवून आले होते. 'ह्यांना दिलेली पुस्तकं परत येत नसतात.' आपल्यावर झालेला अविश्वास आपल्याच तोंडून पुढच्या पिढीला कसा जातो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकलवर वस्तीत आले. ओट्यावर बसले, पाणी मागून प्यायले. मुलगी बाहेर आली तेव्हा विचारलं, "कुठपर्यंत वाचलं होतंस?" ती म्हणाली, "निम्म्याच्या पुढं." सरांनी पिशवीतून 'फकिरा'ची दुसरी प्रत काढून दिली. म्हणाले, "उरलेली परीक्षा झाल्यावर वाच. सोमवारी पेपर आहे." तिच्या आईला म्हणाले, "ताई, पुस्तकाचं मी बघतो. पोरीला पाठवा." हरवलेल्या प्रतीचे पैसे त्यांनी खिशातून भरले आणि नोंदवहीत 'किंमत वसूल' असा शेरा मारला.

ती परीक्षेला बसली. आता दहावीत आहे. या दसऱ्यानंतर काय होईल ते मी लिहू शकत नाही.

ही गोष्ट ऐकून आपले कार्यकर्ते म्हणतात, "वा, किती चांगले सर!" मला नेमकं याच ठिकाणी थांबायचं नाही. अर्ध्या पगाराच्या माणसानं खिशातून पैसे भरावेत म्हणून एका मुलीची शाळा वाचते, ही अभिमानाची नाही, शरमेची गोष्ट आहे. सर उद्या निवृत्त होतील. त्यांच्या जागी कुणी येईल का, आलंच तर कसं येईल, कुणाला माहीत? चांगल्या माणसाच्या मर्जीवर जे मिळतं ते उपकार असतात. बाबासाहेबांनी आपल्याला उपकार मागायला शिकवलेलं नाही.

तीन गोष्टी नीट समजून घेऊया.

एक. पुस्तक वापरलं की हरवतं, फाटतं, भिजतं. यात गुन्हा नाही. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियमच सांगतात की वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर 1000 पुस्तकांमागे 5 पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हे केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण त्यामागचं तत्त्व आपल्या शाळांनी का घेऊ नये? जिथं एकही पुस्तक हरवत नाही, तिथं बहुधा एकही पुस्तक कुणाला दिलेलं नसतं. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात हे सांगणारं आहे. आणि पुस्तकं तर बाबासाहेबांचीही हरवली. 1917 मध्ये लंडनहून परतताना त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं येत होती. ते जहाज पाणबुडीनं बुडवलं आणि पुस्तकं समुद्रात गेली. म्हणून कुणी त्यांना पुन्हा पुस्तक देऊ नका म्हणालं नाही.

दोन. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत शाळेतल्या पाण्याबद्दल लिहिलं आहे. नळाला त्यांनी हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसेल तर त्या दिवशी तहानलेलं राहायचं. पाणी होतं, नळ होता, तहानही होती. मधे एक माणूस नव्हता. आज आपल्या पोरांना नळाला हात लावायला कायद्यानं कुणी अडवू शकत नाही. पण ग्रंथालयाचं कपाट बघा. पुस्तकं आहेत, पोरं आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि ते उघडणारा माणूस नाही. माध्यमिक शाळेत ग्रंथपालाचं पद मिळणार की नाही, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे पटसंख्येवर ठरतं. म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेला ग्रंथपाल आणि वाडी-तांड्यावरच्या, वस्तीजवळच्या लहान शाळेला एखाद्या शिक्षकाकडे 'अतिरिक्त कार्यभार'. ज्या मुलांच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही, त्यांच्याच शाळेत ग्रंथपाल नाही. याला योगायोग म्हणायचं का?

तीन. "आता मोबाईलवर सगळं मिळतं, ग्रंथालय कशाला?" असं आपलेच तरुण म्हणतात. मित्रांनो, वस्तीतल्या घरात मोबाईल एक असतो आणि तो बापाच्या खिशात असतो. रात्री तो मोठ्या भावाच्या हातात जातो. मुलीच्या हातात आला तर आधी संशय येतो. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि कोपीत चिमणीच्या उजेडात ते वाचता येतं.

आता आपल्या घरात डोकावूया. 20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालयं आणि अभ्यासवर्गही होते. त्याला शंभर वर्षं झाली. आमच्या वस्तीतल्या विहारातही एक पाटी आहे, 'वाचनालय'. परवा मी ती खोली उघडायला लावली. किल्ली शोधायला अर्धा तास गेला. आत मंडपाच्या खुर्च्या, दोन भोंगे आणि मागच्या जयंतीचा फ्लेक्स. कपाटात शासनानं छापलेले बाबासाहेबांचे काही खंड होते, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेले. आमच्या मंडळाचे एक काका म्हणाले, "पोरांच्या हातात दिले तर खराब करतील." मी त्यांना काय बोलणार? तेच मी बोलून बसले होते.

म्हणून ही काही कामं मी स्वतःला लावून घेतली आहेत आणि तुम्हीही घ्यावीत अशी विनंती आहे.

1. आपल्या गावातल्या हायस्कूलमध्ये ग्रंथपालाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, मागच्या वर्षी किती पुस्तकं घेतली आणि किती मुलांना दिली, हे विचारा. तोंडी सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारा.

2. पालक-शिक्षक संघाच्या सभेला जा. अनामत आणि हरवलेल्या पुस्तकाच्या वसुलीचा नियम कुणासाठी कसा लावला जातो, हे तिथं बोला. गरिबाच्या लेकराला अनामत माफ आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला हंगामभर पुस्तक, असा ठराव मागा. ठराव झाला की तो हक्क होतो.

3. आपल्या गावात असा कुणी ग्रंथपाल असेल तर त्याला जयंतीच्या स्टेजवर शाल-श्रीफळ देऊ नका. त्याच्या पूर्णवेळ पदासाठी निवेदनावर सह्या करा. ती त्याच्या कामाची खरी कदर.

4. विहारातलं कपाट उघडा. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास देवघेव. दहावी-बारावीच्या दोन मुलींना नोंदवही सांभाळायला द्या. आमच्याकडे गेल्या महिन्यापासून हे सुरू झालं आहे. नोंदवही आता 'फकिरा' वाचून संपवलेल्या त्या मुलीकडे आहे. किल्लीही तिच्याकडेच आहे. मागच्या रविवारी एका लहान पोरानं पुस्तक नेताना तिला विचारलं, "ताई, फाटलं तर?" मी शेजारीच उभी होते, या वेळी गप्प राहिले. ती म्हणाली, "फाटलं तर घेऊन ये, चिकटवू."

जयभीम.